उजवा हात गळ्यात आणि पिस्तूल डाव्या हातात: तयारी कशी करायची

खांद्याचं किंवा मनगटाचं ऑपरेशन ठरलं की डॉक्टर सांगतात चारसहा आठवडे हात पट्ट्यात राहील, मग फिजिओ, मग बघू. घरातले विचारतात गाडी कधी चालवणार. पण ज्यांच्याकडे लायसन्सचं पिस्तूल आहे त्यांच्या डोक्यात अजून एक प्रश्न घोळत असतो आणि तो ते डॉक्टरला विचारत नाहीत. गोव्यात अशी माणसं फार नाहीत, पण आहेत, रोकड आणि दागिने घेऊन फिरणारे सोनार आहेत, सत्तरी-सांग्याकडचे बागायतदार आहेत, निवृत्त फौजी आहेत. आणि दुसरीकडे एअर पिस्तूल (हवेच्या दाबाने छर्रा मारणारं) खेळणारी मुलं-मुली आहेत, २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये मनू भाकरला एका हाताने पिस्तूल धरून मेडल घेताना बघितल्यापासून तर रेंजवर नवीन चेहरे जास्तच दिसतात, त्यातल्या एखाद्याचा हात फुटबॉल खेळताना मोडला की पूर्ण सीझन गेला म्हणून रडकुंडीला येतात.

दोघांना सांगायचं एकच आहे. नेम धरण्याचं जे शिक्षण आहे ते बरंचसं डोक्यात असतं, उजव्या हातात नसतं, त्यामुळे डावा हात शून्यापासून सुरू होत नाही. पण जे हाताचं म्हणून असतं, म्हणजे पकड, ट्रिगरवरचं बोट, मॅगझिन (मुठीत बसणारी गोळ्यांची पेटी) काढणं, सेफ्टी (चुकून गोळी सुटू नये म्हणून असलेली कळ) लावणं, ते डाव्या हाताला अक्षरशः पहिलीपासून शिकवावं लागतं, आणि अपघात होतात ते याच भागात. म्हणून ही तयारी ऑपरेशनच्या आधी करायची, उजवा हात चालू असताना, नंतर नाही.

हे होऊ शकतं का असा ज्यांना संशय आहे त्यांनी कारोय टाकाच यांचं नाव लक्षात ठेवा. हंगेरीच्या सैन्यात होते, पिस्तुलाचे पट्टीचे नेमबाज. १९३८ मध्ये सरावाच्या वेळी हातबॉम्ब उजव्या हातातच फुटला आणि तो हात कामातून गेला. माणूस हॉस्पिटलमधून बाहेर आला आणि गुपचूप डाव्या हाताने सराव करायला लागला, १९३९ मध्ये हंगेरीची राष्ट्रीय स्पर्धा जिंकला, मग युद्धामुळे १९४० आणि १९४४ ची ऑलिंपिक झालीच नाहीत, आणि १९४८ ला लंडनमध्ये वयाच्या ३८ व्या वर्षी २५ मीटर रॅपिड फायर म्हणजे झटपट गोळ्या मारायच्या पिस्तूल स्पर्धेत ५८० चा विश्वविक्रम करून गोल्ड. १९५२ ला हेलसिंकीत परत गोल्ड, तेही डाव्याच हाताने. एक वर्षात तो माणूस नव्याने नेमबाज झाला असं नाही, नेमबाज तो आधीच होता. साइट (पिस्तुलावरची नेम धरायची खूण) कशी दिसली पाहिजे, श्वास कुठे थांबवायचा, गोळी सुटली त्या क्षणी ती कुठे गेली असणार हे ओळखणं, म्हणजे आपण ज्याला शॉट कॉल करणं म्हणतो, हे सगळं त्याच्याकडे शाबूत होतं. (आपला मनीष नरवाल, टोकियो पॅरालिंपिकचा गोल्ड मेडलिस्ट, तोही डाव्या हाताने खेळतो, पण त्याचा उजवा हात जन्मापासूनच अधू आहे, त्यामुळे ती हात बदलण्याची गोष्ट नाही, वेगळी आहे.)

एका हाताने शिकलेलं काही प्रमाणात दुसऱ्या हाताला आपोआप येतं हे शास्त्रज्ञांना शंभरहून जास्त वर्षं माहीत आहे. उजव्या हाताला मेंदूचा डावा भाग चालवतो आणि डाव्याला उजवा, पण हालचालीचा आराखडा बनतो त्यात दोन्ही बाजू भाग घेतात. याचा उलटा फायदा पण आहे आणि तो फार कमी लोकांना माहीत असतो, एक हात प्लास्टरमध्ये असताना दुसऱ्या हाताला व्यायाम दिला तर प्लास्टरमधल्या हाताची ताकद कमी घटते. म्हणजे डाव्या हाताने केलेला सराव उजव्यालाही थोडा उपयोगी पडतो. फिजिओला विचारून बघा, तो हेच सांगेल.

आता डोळा. लोक हात-हात करतात आणि डोळ्याचं विसरतात. जसा एक हात पुढारी असतो तसा एक डोळाही असतो. दोन्ही हात लांब करा, तळव्यांमध्ये छोटी फट ठेवा, त्या फटीतून दोन्ही डोळ्यांनी समोरच्या माडाचा शेंडा बघा, मग एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याला शेंडा फटीतच दिसत राहतो तो तुमचा मुख्य डोळा. बहुतेक उजवखोऱ्यांचा उजवा असतो, पण सगळ्यांचा नाही, आणि ज्याचा हात उजवा नि डोळा डावा आहे तो आयुष्यभर त्या उलटसुलटीला शिव्या घालत असतो, त्याला डाव्या हाताने शूट करताना एकदम सोपं वाटायला लागतं. बाकीच्यांना उलटा त्रास. पिस्तूल डाव्या हातात आणि डोळा उजवा. मग करायचं काय तर घाबरायचं नाही, दोन हातांनी धरत असाल तर पिस्तूल जरासं उजवीकडे आणा, उजव्या डोळ्यासमोर, हनुवटी थोडी डावीकडे वळवा, झालं. एका हाताने धरत असाल तर पिस्तूल थोडंसं आतल्या बाजूला, म्हणजे उजवीकडे, कलतं धरलं की मनगटाला पण बरं पडतं आणि साइट डोळ्याच्या रेषेत येते. अगदी थोडं हां, सिनेमातल्यासारखं आडवं नाही. एअर पिस्तूलवाल्यांनी कलतं धरू नये, तिथे डाव्या डोळ्याने बघायची सवय लावलेली बरी, चष्म्याच्या उजव्या काचेवर धूसर टेप लावा म्हणजे डोळा मिटायला लागत नाही. मिचकावून धरलेल्या डोळ्याने चेहरा आखडतो, त्याच्यामागून मान आणि खांदा आखडतात. स्पर्धेत डोळ्यासमोर पट्टी लावायला परवानगी आहे, ३० मिलिमीटरपेक्षा रुंद नको.

पकडीबद्दल एअर पिस्तूलवाल्यांची अडचण अगदी साधी आणि खर्चिक आहे. त्या पिस्तुलाची लाकडी ग्रिप हाताच्या आकाराची कोरलेली असते, उजव्या हाताची ग्रिप डाव्या हातात बसतच नाही, मारून मुटकून बसवली तरी अंगठ्याच्या खाली गॅप राहतो आणि प्रत्येक शॉटला पिस्तूल वेगळं बसतं. डाव्या हाताची ग्रिप वेगळी मागवायला लागते, मोरिनी, स्टायर, वॉल्थर सगळ्या कंपन्यांच्या मिळतात पण यायला वेळ लागतो. म्हणजे ऑपरेशनची तारीख ठरली की आधी ग्रिपची ऑर्डर. काही पिस्तुलांच्या क्लब मॉडेलला दोन्ही हातांना चालणारी ग्रिप असते, क्लबमध्ये तसं एखादं असलं तर तेच मागून घ्या.

मनगटासाठी भारी काही नको. एक लिटर पाण्याची भरलेली बाटली म्हणजे जवळजवळ एअर पिस्तुलाचं वजन. ती डाव्या हाताने खांद्याच्या उंचीला समोर धरा, हात थरथरायच्या आत खाली घ्या, परत. थरथरत धरून राहिलात तर थरथरत धरण्याचाच सराव होतो. आणि दिवसभरातली बारीक कामं डाव्या हाताने करा, दात घासणं, कुलूप उघडणं, शर्टाची बटणं लावणं, यात बोटांची सूक्ष्म हालचाल सुधारते आणि ट्रिगरला नेमकं तेच लागतं.

सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल असेल तर मनगटाचा प्रश्न नुसता नेमाचा राहत नाही. गोळी सुटल्यावर स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) मागे जाते ती पिस्तूल मागून घट्ट धरलेलं असतं म्हणून पूर्ण मागे जाते. मनगट ढिलं असलं की अख्खं पिस्तूलच मागे जातं, स्लाइडचा प्रवास अर्धवट होतो आणि गोळीची रिकामी पुंगळी अडकते किंवा पुढची गोळी नीट आत जात नाही. आपल्याकडे लायसन्सवर बहुतेकांकडे .३२ बोअरचं असतं, धक्का फार नाही, तरी डाव्या हाताने मारताना पिस्तूल अडकलं तर पहिला संशय मनगटावर घ्या, गोळ्यांच्या कंपनीवर नंतर.

आणि एक, दोन हातांनी धरताना आता डावा हात मुख्य आणि उजवा आधाराचा होतो, तेव्हा उजवा अंगठा जुन्या सवयीने स्लाइडच्या मागे जातो. स्लाइड मागे आली की अंगठ्याची सालटी निघते. दोन्ही अंगठे उजव्या बाजूला, पुढे बघत.

पिस्तूल बनवताना माणूस उजवखोरा आहे असं गृहीत धरलेलं असतं. बहुतेक पिस्तुलांची सेफ्टी डाव्या बाजूला, उजव्या अंगठ्याखाली. मॅगझिन काढायचं बटण पण तिथेच. पुंगळी उजवीकडे उडते, डाव्या हातात पिस्तूल असलं की ती तोंडाच्या अगदी जवळून जाते, तेव्हा चष्म्याशिवाय एकही गोळी नाही. आपल्या सरकारी ऑर्डनन्स फॅक्टरीचं नेहमीचं .३२ रिव्हॉल्वर आहे ते मधून मोडून उघडायचं असतं, त्याची कळ पण डाव्या बाजूला, उजव्या अंगठ्याला सोयीची. डाव्या हाताने ती दाबायला गेलात की पकड सोडावीच लागते आणि नळी कुठेतरी भरकटते.

रेंजवर एक काका येतात, म्हापशाला सोन्याचं दुकान, मनगटाची नस दबली होती म्हणून ऑपरेशनच्या आधी डाव्या हाताने शिकायला आले. रिकामं पिस्तूल, खोट्या गोळ्या. उभं राहणं छान, साइट छान. मी म्हटलं, "काका, आता मॅगझिन काढा." डावा अंगठा बटण शोधायला लागला, बटण तिथे नाहीच, ते पलीकडच्या बाजूला, मग हात पिस्तुलावर गोल फिरायला लागला, "अरे बाबा, हे गेलं कुठे?", आणि बोलता बोलता बोट ट्रिगरच्या आत गेलं होतं आणि नळी शेजारच्या लेनकडे वळली होती. "काका, बोट बाहेर. आधी बोट बाहेर. नळी समोर." थांबले, घाम पुसला, म्हणाले, "भरलेलं असतं तर?" मग त्यांना दाखवलं, डाव्या हाताला ते बटण अंगठ्याने नाही, पहिल्या बोटाने दाबायचं असतं, म्हणजे तेच बोट जे आत गेलं होतं. यात एक चांगली गोष्ट आहे, बोट बटणावर असलं की ट्रिगरवर असूच शकत नाही. ती एवढी एक हालचाल त्यांनी त्या दिवशी तासभर केली, दुसरं काही नाही.

मला विचाराल तर सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. नेम आपोआप सुधारतो, हे सुधारत नाही. मॅगझिन लावा, काढा, स्लाइड मागे घ्या, आत बघा, बोटाने चाचपा, सेफ्टी लावा, सगळं सावकाश आणि प्रत्येक वेळी नळी कुठे आहे ते बघत. डाव्या हाताला सेफ्टी पोचत नसेल तर ती उजव्या हाताने लावावी लागते, आणि उजवा हात पट्ट्यात असेल तर? तर ते पिस्तूल तुम्हाला त्या काळात सुरक्षितपणे हाताळता येत नाही, असा सरळ अर्थ आहे.

घरी ड्राय, म्हणजे गोळीशिवाय, मारताना गोळ्या दुसऱ्या खोलीत, कपाटात बंद. पिस्तूल उघडून डोळ्याने बघा, मग बोटाने बघा. नेम धरायचा तो जाड भिंतीवर, चिऱ्याची जुनी भिंत असेल तर उत्तम, पातळ विटेची पार्टिशन नको, पलीकडे स्वयंपाकघर असतं. .२२ चं पिस्तूल रिकामं मारू नका, पिन खराब होते, खोट्या गोळ्या घाला. एअर पिस्तुलांना ड्राय फायरची सोय बहुतेक असतेच.

ट्रिगरमध्ये एक गंमत दिसते. उजव्या हाताने घाईघाईत ट्रिगर ओढणाऱ्याच्या गोळ्या खाली-डावीकडे जातात, डाव्या हाताने तीच चूक केली की खाली-उजवीकडे. टार्गेटवर ग्रुप, म्हणजे छिद्रांचा पुंजका, तिकडे सरकलेला दिसला तर साइट फिरवत बसू नका, बोट बघा. पण मी कितीतरी जणांच्या बाबतीत बघितलंय की डाव्या बोटाला जुन्या वाईट सवयी नसतात, त्यामुळे पहिल्या काही दिवसांत ट्रिगर उजव्यापेक्षा स्वच्छ सुटतो. म्हणून सुरुवातीला कोऱ्या कागदावर मारा, काळा गोल नको, पाच मीटरवरून, फक्त छिद्रं एकमेकांजवळ येतायत का तेवढं बघा. स्कोअर लिहायला लागलात की माणूस उजव्या हाताच्या स्कोअरशी तुलना करतो आणि वैतागून ट्रिगर हिसकायला लागतो.

उभं राहताना सगळं आरशात उलटं करायचं हे कळतं, पण एक लक्षात येत नाही, हात पट्ट्यात बांधला की शरीराचा तोल बदलतो, खांदा पुढे ओढला जातो. ऑपरेशनच्या आधीच एकदा उजवा हात ओढणीने गळ्यात बांधून उभे राहून बघा. एअर पिस्तूलला मोकळा हात खिशात किंवा कमरेच्या पट्ट्यात खोचतात तो आता छातीशी असणार, तर कंबर आणि पाय थोडे हलवून आपला तोल कुठे लागतो ते शोधावं लागतं.

आता बाळगण्याचं, म्हणजे अंगावर घेऊन फिरण्याचं. इथे माझं मत ठाम आहे आणि बऱ्याच जणांना ते आवडत नाही. हात पट्ट्यात असताना पिस्तूल घेऊन बाहेर पडू नका. ज्याचा एक हात बंद आहे त्याला कोणी ढकललं तर तो तोल सावरणार की पिस्तूल? नियम सांगतो हत्यार सार्वजनिक ठिकाणी होल्स्टरमध्ये (पिस्तूल ठेवायच्या म्यानात), झाकलेलं आणि आपल्या पूर्ण ताब्यात असलं पाहिजे, यातलं शेवटचं एका हाताने किती जमतं ते प्रामाणिकपणे स्वतःला विचारा. शिवाय ऑपरेशननंतर दुखण्यावर ट्रामाडॉलसारखी औषधं देतात, गुंगी येते, त्या दिवसांत तर हत्याराला हातसुद्धा लावायचा नाही. लायसन्सवाल्या गन डीलरकडे ठेव म्हणून द्या किंवा पोलीस स्टेशनला जमा करा, निवडणुका आल्या की करतोच ना आपण, पावती घ्या, बरे झालात की परत आणा. बायकोला किंवा मुलाला "जरा भरून दे रे" सांगायचं नाही, लायसन्स तुमच्या नावावर आहे, त्यांच्या नाही.

मग डाव्या हाताचा होल्स्टर कोणासाठी? ज्याचा उजवा हात पट्ट्यातून सुटलाय, आधाराला चालतो, पण ताकद यायला महिने लागणार आहेत त्याच्यासाठी. किंवा संधिवातामुळे उजवा कायमचाच कमजोर झालेल्यासाठी. त्यांनी डाव्या हाताचा होल्स्टर नवीन घ्यावा, उजव्याचा काढून डावीकडे लावू नये, त्यात मूठ उलट्या दिशेला येते. तो पोटावर आडवा लावायचा अशी एक पद्धत आहे, पण त्यातून पिस्तूल काढताना नळी शेजारच्या माणसावरून फिरून येते, शुक्रवारच्या म्हापशाच्या बाजारात ती पद्धत नको. आपल्याकडच्या दमट हवेत कातड्याच्या होल्स्टरला पावसाळ्यात बुरशी येते आणि घामाने पिस्तूल गंजतं, नवीन बाजूला होल्स्टर आला की त्या बाजूच्या घामाची पण सवय नसते, रोज पुसून हलकं तेल. आणि कमरेची जुनी बाजू हात आपोआप शोधतो, हे मोडायला वेळ लागतो. रिकाम्या पिस्तुलाने, कोचसमोर, सावकाश काढणं आणि त्याहून सावकाश परत ठेवणं. ठेवताना होल्स्टरकडे बघून ठेवा, घाई कशाची आहे.

यूट्यूबवर एका हाताने स्लाइड मागे घ्यायचे प्रकार दाखवतात, साइट कमरेच्या पट्ट्याला अडकवून, टेबलाच्या कडेला, बुटाच्या टाचेला. पोलीस आणि फौजेतल्यांना ते शिकवतात, त्यांचं काम तसं आहे. तुम्हाला शिकायचंच असेल तर खोट्या गोळ्या आणि शेजारी जाणकार माणूस, नाहीतर नाही. नळी स्वतःच्या मांडीवरून जाते त्यात.

डॉक्टरला सगळं सांगा. लपवायचं काही नाही, लायसन्स आहे. खांद्याचं ऑपरेशन झालंय आणि गोळी डाव्या हाताने मारलीत तरी धक्का छातीतून उजव्या खांद्यापर्यंत जातो, शिवलेला स्नायू ताजा असेल तर ते त्यांना माहीत असायला हवं. एअर पिस्तूलला धक्का जवळजवळ नसतोच, म्हणून बरेचदा एअर पिस्तूलची परवानगी आधी मिळते. लायसन्सच्या .३२ वाल्यांनीसुद्धा या काळात क्लबच्या एअर पिस्तूलवर डावा हात बसवावा असं मी सांगते, .१७७ चं कमी ताकदीचं एअर पिस्तूल लायसन्सशिवाय चालतं, पेलेट म्हणजे छर्रे स्वस्त, आवाज नाही, आणि बोटाची प्रत्येक चूक कागदावर दिसते.

उजवा हात परत आला की एकदम उजवीकडे धावू नका. मूठ आवळताना दुखत नाही, बाटली समोर धरताना खांदा वर उचलला जात नाही, बटणं लावताना बोटं सुन्न होत नाहीत, एवढं झालं की आधी ड्राय, मग थोड्या गोळ्या. होल्स्टर एकाच बाजूला ठेवा, आज डावीकडे उद्या उजवीकडे असं नको, हात गोंधळतो. आणि रेंजवर गेलात की सुरुवातीच्या थोड्या गोळ्या डाव्या हाताने मारत जा, दमलेल्या हाताने शेवटी नाही, सुरुवातीलाच. ते काका अजून तसंच करतात, आणि मॅगझिनचं बटण त्यांना आता कुठल्याही हाताने न बघता सापडतं.